पंजाबरावांची सांजेची आंघोळ

गोजराबाईच्या हातून न्हालेलं लेकरू दिवा लागायच्या आत झोपलं नाही, असं कुणी म्हणावं आणि तिच्या दारातून धड परत जावं, हे वाशिमच्या त्या बाजूला कधी घडलं नव्हतं. नवरा गेल्यावर विहिरीखालचा भाजीचा मळा तिनं एकटीनं राखला, एकुलत्या दौलतरावाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. पण यातल्या कशाचाच तिला तेवढा तोरा नव्हता, जेवढा लेकरांना न्हाऊ घालण्याचा होता. आजूबाजूच्या बाया आपली किरकिरी पोरं तिच्याकडे आणून टाकत. ती पाटावर बसायची, पाय लांब करायची, लेकराला पायांवर पालथं घालायची आणि गाडग्यातलं उटणं चोळायला घ्यायची. घंगाळातलं पाणी तळाला लागेस्तोवर लेकराची मान लोळलेली असायची.

ते उटणं कशाचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडग्याच्या तोंडाला फडकं, फडक्याला सुतळी, आणि सुतळीला अशी गाठ की ती फक्त गोजराबाईलाच सुटायची. सून गिरजा नवी नवी होती तेव्हा तिनं एकदा विचारून पाहिलं होतं.

“आत्याबाई, मले सांगून ठेवा ना. पुढे कामात येईन.”

“सांगीन. मेल्यावर सांगीन.”

“मेल्यावर कशा सांगसान?”

“ते तवाचं तवा पाहू,” गोजराबाई म्हणाली, आणि गाठ आणखी एकदा आवळली.

आता घरात पंजाबराव होते. वय आठ महिने, दात दोन. आपल्या नातवाला कुणी नुसतं पंज्या म्हणायचं नाही, असा गोजराबाईचा हुकूम होता. भाजीवाल्याच्या घरी सकाळ कामात बुडालेली असते. कोंबडं आरवायच्या आधी दौलतराव आणि गिरजा मेथीच्या जुड्या बांधायला बसत आणि उजाडता उजाडता टोपल्या बाजारात नेत. म्हणून पंजाबरावांची आंघोळ सांजेला, गुरं गोठ्यात आली की. आंघोळ झाली की धुरी, धुरी झाली की झोप. पंजाबराव झोपले नाहीत तर गिरजाला झोप नाही, आणि गिरजाला झोप नाही तर मेथी बाजारात जाईपर्यंत मान टाकणार. सगळं घर त्या एका आंघोळीवर चालत होतं.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं, आणि एका सांजेला गिरजानं कमरेच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक गुलाबी वडी काढली. सोबत एक डबी. डबीवर गोऱ्या बाळाचं चित्र, बाळ डोळे मिटून झोपलेलं.

“हे काय हाय?” गोजराबाईनं विचारलं.

“साबन हाय, आत्याबाई. लेकरायचा. आन् हे अंगाले लावाची पावडर. जैतूनमावशीनं देल्लं, पंजाबरावाईसाठी.”

जैतुनबी म्हणजे गोजराबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा नवरा निजामुद्दीन बाजारात अत्तर, सुरमा, फण्या आणि साबण विकायचा. वाफ्यातला हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, न्यायला म्हणून ती दर दोन दिवसांनी मळ्यात यायची. सांबार न्यायची मूठभर आणि बोलून जायची टोपलंभर. तिनंच असं करावं!

“काहून? माह्या उटन्याले काय झालं?”

गिरजानं पंजाबरावांना वळवलं आणि त्यांची पाठ दाखवली. पाठीवर बारीक लाल ओरखडे होते. “हे पाहा ना. चार दिवसापासून असं होऊन राह्यलं. उटनं टोचते त्याईले.”

गोजराबाईनं पाठ पाहिली. म्हणजे डोळे बारीक करून त्या दिशेला पाहिलं. तिला ती पाठ नेहमीसारखीच दिसली.

“तीस वर्सं कोनाले टोचलं नाई, आन् आता टोचून राह्यलं! लाव तुहा साबन. डबीवरचं पोट्टं झोपलं ना? झोपनच. कागदाच्या पोट्ट्याले ना पोट ना दात. पन आइक, बालाजीची आन घेऊन सांगतो, आजपासून आंघोळीच्या वेळेले माह्या तोंडातून सबद निघनार नाई. निघाला तर म्हनशीन मले.”

गोजराबाईनं मौन धरलं, ही बातमी दौलतरावाला इतकी नवीन वाटली की तो मोट सोडून घरात बघायला आला.

पहिल्या सांजेला गिरजानं साबण लावला. सगळ्या मळ्यात असा गुलाबाचा वास सुटला की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. गोजराबाई ओसरीवरच्या बाजेवर पाठ करून बसली, तुरीच्या शेंगा सोलत, ओठ मिटून. पंजाबरावांनी पहिला तांब्या अंगावर पडताच जे तोंड उघडलं, ते धुरी झाली, अंगाई झाली, दिवा लागला तरी मिटलं नाही. प्रत्येक किंकाळीला गोजराबाई एक शेंग जोरात फोडायची. तेवढंच तिचं बोलणं.

दुसऱ्या सांजेला पावडरही लावली. पंजाबराव पांढरेफटक झाले, पिठाच्या डब्यातून निघालेल्या मांजरासारखे दिसायला लागले आणि दुप्पट रडले. सकाळी गिरजा जुड्या बांधता बांधता पेंगली. दौलतरावानं मुळ्याच्या टोपल्यात वांगी भरली आणि वांग्याच्या टोपल्यात स्वतःचं मुंडासं. बाजारात गिऱ्हाइकानं मुंडासं उचलून भाव विचारला, तेव्हा त्याला जाग आली.

तिसऱ्या दिवशी दुपारीच तो आईसमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल.

“माय, तूच न्हाऊ घाल त्याले. हात जोडतो.”

गोजराबाईला आतून एवढी धन्यता वाटली की ती लपवायला तिला पदरानं तोंड पुसावं लागलं. “तुह्या बायकोले इचार. तिचा साबन रुसन.”

“मीच म्हतलं त्याईले सांगाले,” गिरजा दारातून म्हणाली. तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं, नुसती झोप होती.

सांज झाली. गोजराबाईनं गाडगं काढलं, गाठ सोडली, वाटीत साय घालून उटणं कालवलं. नेमकी त्याच वेळी सांबार न्यायला जैतुनबी आली आणि न्हाणीच्या दाराशी दगडावर बसली. गोजराबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरंच झालं, तिच्या मनात आलं, साबणवालीनं आपल्या डोळ्यांनी पाहावं. आन घेतलेली होती, म्हणून तोंड मिटलेलं; पण मिटलेल्या तोंडानंसुद्धा माणसाला ऐट मारता येते, ती गोजराबाईनं पुरेपूर मारली. पाय लांब केले. पंजाबरावांना पालथं घातलं. पाठीवर हलक्या हातानं उटणं फिरवलं, कोपरानं पाण्याची ऊब पाहिली, तांब्याची धार मानेखाली धरली.

पंजाबरावांनी पाठ वाकवली आणि असा टाहो फोडला की झाडावरचे कावळे उडाले.

तिनं हात आणखी हलका केला. टाहो वाढला. तिनं पाणी बदललं, कूस बदलली, तळवे चोळले. पंजाबराव हातपाय झाडत होते, लालबुंद झाले होते. दौलतराव दाराशी येऊन उभा राहिला आणि परत गेला. ते परत जाणं गोजराबाईला फार लागलं. गोजराबाईनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तीच बोटं. मग काय झालं? बाया उद्यापासून पोरं घेऊन येणार नाहीत. या पाटावर उद्यापासून गिरजा बसणार. आणि आपण बाजेवर शेंगा सोलत.

जैतुनबीनं दगडावरून मान लांब केली. “या अल्ला! गोजरा, म्हातारी झाली वं तू. हात गेला तुहा.”

मग बालाजीही मधे पडला नाही.

“माहा हात गेला? माहा? अवं जैतून, तुह्या रऊफले कोनं न्हाऊ घातलं? तुह्या सासूनं का तुह्या नंदेनं? चिखल तुडवत कोन येत व्हतं तुह्या दारी? आन् तुहा निजामुद्दीन, बोटभर अत्तर इकते आन् कोसभर वास मारते! लेकराचा साबन म्हने! डबीवर चित्र काढलं की झोप येते का वं? मंग तुह्या नवऱ्याच्या कपाळाले चिकटव एक, दुकानात बसल्या बसल्या झोपन तो, तसा बी झोपतेच! आन् तू, मूठभर सांबार नेतो म्हनते आन् आर्धा वाफा पदरात घालते, मले दिसत नाई असं वाटते तुले…”

ती श्वास घ्यायला थांबली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपला आवाज सोडून दुसरा आवाजच नाही. पंजाबरावांचा गाल तिच्या पोटरीवर टेकला होता. पापण्या अर्ध्या.

तिचं थांबणं जरा लांबलं. पंजाबरावांनी डोळे उघडले आणि ओठ काढला.

“थांबू नोको वं!” जैतुनबी दबक्या आवाजात म्हणाली. “बोल, बोल!”

“काय बोलू?”

“काई बी बोल. मले शिव्या दे.”

“तुले कायले देऊ? शिव्या का फुकट येतेत? ज्याले त्याले वाटत बसू का मी? लग्नात तुले पहिली जिलबी म्या आनून देल्ली, तवापासून तुह्या जिभेले हाड नाई…”

पापण्या पुन्हा खाली आल्या. गिरजा न्हाणीच्या भिंतीला धरून उभी होती. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जैतुनबीनं तोंडात पदर कोंबला होता. गोजराबाईला सगळं कळलं. तीस वर्षं आपण पाटावर बसून दुनियेचा उद्धार करत होतो, एका सुरात, पाण्याच्या धारेसारखा. आणि लेकरं त्यावर झोपत होती. गाडग्यावर नाही.

तिनं पंजाबरावांना लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून गिरजाच्या हातात दिलं. “कोनाले सांगशीन तर पाह्य,” ती जैतुनबीला म्हणाली.

“तोबा तोबा,” जैतुनबी म्हणाली, आणि घरी जाता जाता किती दारांशी थांबली, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सांजेला गोजराबाईनं पाट उचलला, गिरजाच्या समोर ठेवला, आणि आपली बाज न्हाणीच्या दाराला भिडवली. “बस. लाव तुहा साबन. पाठ खरंच लाल हाय म्हनते दौलत. बोलन मी. बालाजीले नारळ देईन म्हतलं हाय, तो समजून घेईन.”

आणि ती सुरू झाली. आधी जैतुनबी झाली, मग निजामुद्दीन, मग मुळ्यात वांगी भरणारा स्वतःचा लेक. मग कावळे, मग गाय. पंजाबराव सुस्तावले होते, पण झोपले नव्हते, आणि गोजराबाईचं बोलणं संपत आलं होतं. सुनेला बोलावं, तर ती समोरच बसलेली. आणि खरं सांगायचं तर दोन दिवस झोपेवाचून मेथी बांधणाऱ्या पोरीला बोलायला काही सापडतही नव्हतं. पण आवाज तर थांबवता येत नव्हता. मग ती त्याच सुरात, तेवढ्याच रागानं बोलत राहिली.

“मसुरीची दाळ घ्यावी दोन मुठी, निवडून, तुह्या नवऱ्यासारखी गोट्यासकट नाई. आंबेहळद चिमूटभर. वाळा कुटून. आन् संत्र्याची साल, वाळवून, कडक वाळवून, दळून… आन् मंग चाळावी. दोनदा चाळावी. चाळली नाई तर टोचते मेलं, लेकराची पाठ लाल करते. मले आताशा भरड दिसत नाई. चाळनीत राह्यलं का पिठात गेलं, काई दिसत नाई. डोळे गेले, आन् कोनाले सांगाव नाई. तूच चाळत जाय आता, चांगले डोळे हायेत तुहे, मोठे मोठे, गाईवानी, नुसते पाहाले ठेवले का…”

गिरजाचा हात थांबला.

“हात काहून थांबला? पानी थंडं होऊन राह्यलं!”

गिरजानं तांब्या उचलला. धार सोडली. पंजाबरावांची मान लोळली होती. तिनं त्यांना पुसलं, गुंडाळलं, खांद्यावर घेतलं, आणि मग हळूच म्हणाली, “आत्याबाई, तुमी तं हे मेल्यावर सांगनार होत्या ना?”

“मंग तू आयकलं काहून?” गोजराबाई बाजेवरून उठत म्हणाली. “मी पंजाबरावाईले सांगून राह्यली व्हती.”