चिमणीच्या डाव्या अंगाची कोर

चूक माझीच. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्रकोरीचं चित्र स्टेटसला टाकू नये, एवढी अक्कल शाळकरी पोरीलाही असते. मी सव्वीसची आहे.

पण चार दिवस खपले होते हो! कॉम्प्युटरवर एकेक खड्डा कोरला, त्याची सावली, अंधाऱ्या भागावरचा तो पुसट उजेड, वर सोलापूरच्या धुळीचा पातळ पडदा. खाली आमच्या गच्चीवरून दिसणारी जुन्या गिरणीची चिमणी. काम पुण्याच्या एका कॅलेंडरवाल्याचं. ‘फोटो वाटला पाहिजे,’ ही त्याची अट. चित्र पुरं झालं, हात शिवशिवले, टाकलं.

इफ्तार उरकेपर्यंत माझ्या मावशीनं, जमीलाखालानं, ते मोहल्ल्याच्या ग्रुपवर पाठवलंसुद्धा. ‘चांद दिसला, मुबारक!’ मी फोन लावला. (घरात आम्ही दख्खनी बोलतो, इथं मराठीत सांगतेय.)

“खाला, तो फोटो न्हाय, चित्र हाय.”

“चल, मस्करी करतीस. आपली चिमणी दिसती की त्यात!”

चांद दिसला तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. ग्रुपवर ‘हे चित्र आहे’ असं लिहिलं, तर ते मुबारकांच्या खाली गाडलं गेलं. मग आठवलं, मशिदीत फोटो चालत नाही. आभाळ स्वच्छ असलं की पुष्कळ साक्षीदार लागतात; आज ढगाळ, म्हणून दोन खात्रीचे पुरे, पण त्यांनी चांद स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला हवा. जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात अब्बा गच्चीवरून धावत खाली आले. माझे अब्बा म्हणजे हाशम टेम्पोवाले. तीस वर्षं चादरींचे गठ्ठे पोचवतात, आणि त्यांनी ‘पोचला’ म्हटलं की कुणी पुन्हा विचारत नाही.

“सना, दिसला! ढग फाटला की दिसला! चिमणीच्या डाव्या अंगाला, अशी उभी कोर.”

“अब्बा, तुमी माझं स्टेटस बघितलं होतं?”

“व्हय की. म्हणून तर नजर नेमकी तिकडं गेली.” आणि ते चपला घालून मशिदीकडं निघालेसुद्धा. ग्रुपवर आलं होतं, मशिदीत कुणाची तरी एक साक्ष आधीच झाली होती; अब्बांची दुसरी ठरणार.

उभी कोर? मार्चात आपल्याकडं नवी कोर आडवी पडते, होडीसारखी. ‘कोर उभीच शोभते,’ या कॅलेंडरवाल्याच्या हट्टापायी मी ती उभी केली होती. आभाळात तसली कोर असणंच शक्य नव्हतं. गप्प बसले तर सगळ्या मोहल्ल्याचा रोजा बुडणार, तोही अब्बांच्या शब्दावर. बोलले तर तो शब्द चारचौघांत मीच खोटा पाडणार. काय करू? रडूच यायला लागलं. ओढणी सावरत पळत सुटले.

मशिदीच्या दारात निरोप देऊन त्यांना बाहेर बोलावलं. साक्ष देऊन झाली होती. मी मोबाईलवर चित्र धरलं, कोर आडवी करून दाखवली, पुन्हा उभी केली. “अब्बा, तुमी बघितली ती माझी कोर हाय.”

ते बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. चपला काढून पुन्हा आत गेले.

थोड्या वेळानं भोंग्यावर मौलानांचा आवाज आला. “हाशमभाईंनी आपली साक्ष मागे घेतली आहे. चांदाची खात्री झालेली नाही. उद्या तिसावा रोजा.” पानाच्या टपरीवर कुणीतरी हसलं. अब्बांचं नाव घेऊन हसलं.

अब्बा बाहेर आले. आम्ही घराकडं निघालो. कोपऱ्यावर ते थांबले, चिमणीकडं बघत राहिले.

“तू म्हणतीस तर नसंल,” ते म्हणाले. “पण सना, मला तो अजून दिसतोय.”