भट्टीपुढे वाजलेली थंडी

बेकरीबाहेर सत्तरएक माणसं रांगेत उभी होती आणि एकालाही पाव नको होता.

आत धगधगत्या भट्टीसमोर ब्लँकेट पांघरून एक आजोबा बसले होते. थोड्या वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, अंग गार पडलं. बाहेर जयजयकार झाला. त्यांना भट्टीपुढे बसवणारे भट्टीबाबा दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथेच बिस्किटं भाजायचे. हात झटकत ते म्हणाले, "जंतू भाजला. कडक. पुढचा."

ताई दवाखान्यात रक्त तपासायची. धाकट्या भावाच्या रक्तात तिनेच हिवतापाचे परजीवी पाहिले होते, गोळ्याही तिनेच आणल्या होत्या. पण परवा बाबांनी त्याला भाजलं आणि त्याने गोळ्या सोडल्या. आता त्याचे डोळे पिवळे झाले होते.

"ताई, घाम आला की मला. जंतू गेला."

"ताप सहा-आठ तासांनी आपला आपण उतरतो. बाबांनी तुला काय विचारलं होतं?"

"थंडी कधी वाजली ते. म्हटलं दोनला. तर म्हणाले, आठला ये. ग्रहांचं काहीतरी असतं."

"ग्रहांचं नाही, घड्याळाचं. हा ताप एक दिवस सोडून येतो. आज दोनला बघ."

बाबांनी त्याला बारालाच बोलावलं होतं, बरा झाल्याचं चारचौघांत सांगायला. मग दोन वाजेपर्यंत वेळ काढायला ताईने बेकरीत हात वर करून अत्यंत भाविक चेहऱ्याने शंका विचारायला सुरुवात केली. जंतूला वास कसला येतो? डाव्या कुशीवर भाजावं की उजव्या? बाबा प्रत्येक शंकेवर अर्धा तास बोलले. बोलणं हीच त्यांची खोड होती.

दोनला पाच कमी असताना धाकटा भट्टीपुढे उभा राहिला. "बाबांच्या कृपेने मी—" म्हणाला आणि त्याचे दात वाजू लागले. समोर आग, पाठीवर ब्लँकेट, आणि माणूस थडथड उडतोय.

"लाकडं घाला," बाबा म्हणाले.

"घाला," ताई म्हणाली, "म्हणजे हा मरेल, जंतू नाही." भावाला धरून तिने बाहेर आणलं, बाकावर बसवलं. "तू धुलाईच्या कारखान्यात घड्या घालतोस ना? जंतूच्या अंगातही प्रथिनांच्या घड्या असतात. आपलं शरीर त्याच्याशी लढताना ताप चढवतं, त्या घड्या विस्कटतात. मग जंतू जादा प्रथिनं बनवतो, विस्कटलेलं पुन्हा घडी करणारी. जादा कामगार लावल्यासारखी. थोडे जंतू मरतात, बाकीचे तगतात. भट्टीची सवय त्याला बाबांच्या आधीपासून आहे. त्याला मारते ती गोळी."

धाकट्याने थरथरत हात पुढे केला. गोळी दोनदा खाली पडली.

गर्दीतून शिवणकाम करणाऱ्या बाई पुढे आल्या. त्यांची मुलगी गेल्या आठवड्यात तापाने गेली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "माझ्या मुलीला थंडी बाराला वाजायची. बाबांनी साडेसहाला बोलावलं होतं. म्हणजे तेच?"

ताईला खोटं बोलणं जमलं असतं. "तेच," ती म्हणाली.

बाबा मागच्या दाराने कधी गेले, कुणी पाहिलं नाही.

"ज्याला थंडी वाजते त्याने आजच रक्त तपासून घ्या," ताई रांगेकडे वळून म्हणाली. "ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण घ्या. आणि घाम कशाने आला ते कुणी सांगितलं, तर आधी किती वाजले ते बघा."

रांग दवाखान्याकडे वळली. सगळ्यांत पुढे शिवणवाल्या बाई होत्या.

"तुम्हाला ताप आहे?" ताईने विचारलं.

बाईंनी पिशवीतून मुलीच्या गोळ्यांचं पाकीट काढून दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं. त्यातल्या दोनच गोळ्या कमी होत्या.

"या उरल्यात," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी लागतील."