मानेतली डावी शीर

सोनोग्राफीच्या जेलचा थेंब आत्याच्या कानाखालून घरंगळत कॉलरकडे निघाला होता आणि तपासणारी भाची तो पुसत नव्हती... गार लागत असेल, लागू दे. जेल जरा कोमट करून घ्यायचं असतं, इतर पेशंटसाठी ती घेतेही. आज विसरली – विसरली कसली, मुद्दामच.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासासाठी मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या मोजायच्या, डावी-उजवीतला फरक लिहायचा, आणि शेजारी माणूस कुठल्या हाताचा ते, डावखुरा की उजवा. दोहोंचा काही संबंध असावा असा त्यांना संशय होता. सुरुवातीला त्यांनी तिचीच मान मोजली आणि हात कुठला म्हणून विचारलं, तेव्हा तिची बोबडी वळली होती. कारण खरा हात, डावा, आत्यानं मोज्यात घालून मनगटाशी गाठ मारून ठेवला होता – आई गेल्यावर आत्याकडे आलेल्या पोरीचा, जेवताना, लिहिताना, दोन वर्षं... मी वळण लावलं म्हणून मार्गी लागली, हे आत्या अजून चारचौघांत सांगते. आताही बाहेर नर्सला सांगूनच आत आली होती.

उजवी धमनी स्वच्छ. डावी – डावीत काहीतरी सापडावं, एखादा पांढरा थर, अर्धी वाट अडवणारा... अशी इच्छा आपण करतोय हे तिला कळत होतं आणि लाज मुळीच वाटत नव्हती. पण डावीही नितळ. म्हातारी ठणठणीत. आणि हे दाखवत होता तो उजवा हात, आत्यानं घडवलेला, जराही न थरथरणारा. सूडसुद्धा हिच्याच हातानं घ्यायचा?

तिनं प्रोब, मानेवर फिरवायचा तो दांडा, डाव्या हातात घेतला. चित्र हललं, पुसट झालं.

आत्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि पडल्या पडल्याच त्या हातावर चापट मारली. "उजव्यानं."

प्रोब मांडीवर पडला आणि हात मागे गेला, पाठीमागे, आपणहून... चाळिशी उलटलेल्या बाईच्या अंगात तो सहा वर्षांचाच राहिला होता, आणि ऐकत होता तो अजून आत्याचंच.

"काही निघालं का गं?" आत्यानं विचारलं. आवाज कापरा होता. आत्यालाही भीती वाटते हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. तिनं पडदा आपल्याकडे वळवला.

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात."

आत्याच्या मानेतली डावी शीर भराभर उडू लागली होती. ती बघत राहिली... बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. फक्त पाठीमागचा हात अजून पुढे येत नव्हता.