फुटणं हेच माझं काम होतं

मी एक काचेची पट्टी आहे, मित्रांनो. लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटं आणि सध्या दोन तुकड्यांत. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात सांगायची असते, हे मला माहीत आहे. पण माझ्या अंगाचा असा काही तिळपापड झालाय, की आज ते मला जमणार नाही. वस्तूलासुद्धा राग येतो, आणि माझा राग अजून गरम आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळूचा रस झाला, रसाचं तावदान झालं, आणि ते तावदान पेंढ्यात गुंडाळून शहराच्या जुन्या बाजारपेठेत आलं. तिथे चौकात एक तीनमजली इमारत आहे. खाली चष्मेवाला आणि काचवाला, मधे छापखाना, आणि सगळ्यात वर मास्तरांची शिवणकामाची खोली. त्या खोलीच्या खिडकीत मला बसवलं. आहाहा, काय दिवस होते ते! माझ्यातून उन्हाचा चौकोन आत पडायचा, आणि मास्तर त्याच उजेडात कापडावर खडूने रेघा मारायचे. एकदा वादळात खिडकी धाडकन आपटली आणि माझा निम्माअधिक भाग रस्त्यावर सांडला. उरलेला तुकडा काचवाल्याने आपल्या दुकानामागे भिंतीला टेकवून ठेवला. पुढे कितीतरी वर्षं मी तिथे धूळ खात पडले. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली, पण मी तक्रार केली नाही. तेव्हा मी खरंच फार समजूतदार होते.

मग भांडण सुरू झालं.

थोरले मालक गेले आणि इमारत धाकट्या मालकांच्या हातात आली. त्यांना ती पाडून तिथे उंच, चकचकीत, पुढून सगळीच्या सगळी काचेची इमारत उभी करायची होती. म्हणजे माझ्याच भाऊबंदांचं आमिष दाखवून माझं घर पाडणार! भाडेकरू म्हणाले, "हात लावून दाखवा." मालक म्हणाले, "इमारत धोकादायक आहे, वरच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय." मास्तर म्हणाले, "तो तडा माझ्या लग्नाच्या आधीचा आहे, आणि माझ्या लग्नापेक्षा तो जास्त शांत आहे." यावर सगळे हसले. मास्तरांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. त्या तेवढ्या हसल्या नाहीत, कारण त्यांची पायमशीन त्याच तड्याला लागून होती.

शेवटी पालिकेच्या इंजिनियर बाई आल्या. त्यांनी काचवाल्याकडे काचेची एक पट्टी मागितली. त्याने मला जाळ्यांतून ओढून काढलं, हिऱ्याने कापलं, पुसलं आणि वर नेलं. बाईंनी मला तड्यावर आडवं धरलं आणि माझी दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवली.

"काच ताणली जात नाही आणि वाकतही नाही," बाई म्हणाल्या. "भिंत जागची हलली नाही, तर ही अशीच राहील. केसभर जरी हलली, तरी फुटेल."

"म्हणजे फुटली की पाडायची ना?" मालकांनी लगेच विचारलं.

"फुटली की मला सांगायचं. पाडायचं की नाही, ते त्यानंतर."

कळलं ना, मित्रांनो? मला आयुष्यात एकच काम दिलं होतं. वेळ आली की फुटायचं. एवढं सोपं, एवढं महत्त्वाचं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

त्यानंतर माझे लाड सुरू झाले. मास्तर रोज सकाळी मला मऊ कापडाने पुसायचे. गिऱ्हाईक आलं की आधी मला दाखवायचे आणि मग माप घ्यायचे. छापखानेवाला जिना चढून यायचा, माझ्याकडे बघून "आहे, आहे, शाबूत आहे!" म्हणायचा आणि उतरायचा. मालक यायचे तेही मलाच बघायला, पण त्यांचं तोंड दरवेळी पडायचं. सगळे मला बघत होते, भिंतीकडे मात्र कोणी बघत नव्हतं! मागच्या बाजूचा सांडपाण्याचा पाइप फुटलेला होता आणि त्याचं पाणी रात्रंदिवस पायाशी मुरत होतं. भाडेकरू त्यावर ओरडायचे आणि मालक कानावर हात ठेवायचे.

आणि एका दुपारी भिंत हलली.

अगदी केसभरच. मशीनचा आवाज थांबलेला होता, कारण काकू दोरा आणायला लांबच्या दुकानात गेल्या होत्या. माझ्या अंगातून एक कळ गेली आणि 'टिक्' असा आवाज झाला. मी फुटले. अगदी वेळेवर, अगदी सांगितल्याप्रमाणे! मास्तरांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता हे धावत जाऊन बाईंना बोलावतील. त्यांनी दाराला कडी लावली.

मग काचवाल्याला वर बोलावलं. "एवढ्याच मापाची दुसरी काप," मास्तर म्हणाले.

"पण ही फुटलीय, मास्तर. बाईंनी सांगितलं होतं की..."

"बाई इथे राहत नाहीत. आपण राहतो. तुझं दुकान रस्त्यावर मांडायचंय का?"

काचवाला खाली जाऊन तेवढ्याच मापाची काच घेऊन आला. त्यांनी मला खरवडून काढलं, माझ्या जागी नवीन काच चिकटवली आणि ओल्या सिमेंटला चहाचं पाणी चोळून ते जुनं दिसेल असं केलं. मला मात्र अस्तराच्या चिंधीत गुंडाळून बटणांच्या डब्यात तळाशी कोंबलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (काचेला तळपाय नसतो, हे मला कोणी सांगू नये.) मालक खोटं बोलले असते तर मी समजू शकले असते, कारण त्यांना ही इमारत नकोच होती. पण हे तर तिच्यावर जीव टाकणारे! मी त्यांना हाका मारल्या आणि त्यांनी माझंच तोंड बांधलं. नवी काच तर बिचारी, तिला काय माहीत! ती भिंतीवर मिरवत होती आणि सगळे तिलाच शाबासकी देत होते.

मी बोलू शकत नाही, पण कापू शकते. दुसऱ्या दिवशी काकूंनी कोटाचं बटण शोधायला डब्यात हात घातला. चिंधी सुटलेली होती.

"आई गं!" त्यांनी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने मला बाहेर काढलं. माझ्या टोकाला सिमेंटचा गोळा अजून चिकटलेला होता. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या, आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे.

"हे काय आहे?"

मास्तर मशीनला तेल घालत होते. "काच आहे. फेकून दे."

"मग भिंतीवर आहे ती कोण? हिची जुळी बहीण?"

"हळू बोल. उद्या मालकांबरोबर सगळ्यांची बैठक आहे, बाईही येणार आहेत, तेवढी पार पडू दे. मग भिंत आपण आपली दुरुस्त करून घेऊ."

"आणि तोवर पडली तर?"

"इतकी वर्षं पडली नाही ती."

"आतापर्यंत काचही फुटली नव्हती."

"तुला ही इमारत गेलेली हवीय का?"

"माझा जन्म गेलाय या खोलीत," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पण या भिंतीला पाठ लावून मी बसते. तुमची मशीन दाराशी आहे."

मास्तरांनी तेलाची बुधली खाली ठेवली. काकूंनी बोटाला चिंधी बांधली.

बैठक त्याच खोलीत भरली, कारण तीच सगळ्यांत मोठी होती. मालक आधी बोलले. "मला तुमच्या जिवाची काळजी आहे हो! उद्या ही म्हातारी कोणाच्या डोक्यावर कोसळली तर?"

"काळजी आहे तर मागचा पाइप बदला की!" चष्मेवाला ओरडला. "सांगून सांगून घसा बसला आमचा. दिसत नसेल तर खाली या, नंबर काढून देतो."

"पाडायच्या इमारतीला नवा पाइप कशाला?"

"बघा! पोटातलं ओठावर आलं!"

एकच गलका झाला. मास्तर उठले आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "वाद कशाला? काच बघा. भिंत हललेली नाही!" टाळ्या पडल्या. इंजिनियर बाई वाकल्या, त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. त्याही फसल्या. "काच तर अखंड आहे," असं त्या म्हणाल्या.

तेवढ्यात काकू उठल्या. त्यांनी डबा उघडला आणि माझे दोन्ही तुकडे कापड कापायच्या टेबलावर बाईंसमोर ठेवले.

"ती काच परवा लावलीय," त्या म्हणाल्या. "तुमची ही."

सगळे टेबलाभोवती वाकले. मग मालकांचा चेहरा असा उजळला, की मला परत एकदा कोणाला तरी कापावंसं वाटलं. "फुटली! बघा, फुटली! पाडा आता!"

"काकू, तुम्ही? आपल्याच माणसांचा घात केलात!" छापखानेवाला म्हणाला.

"गप्प बसा सगळे!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की कात्री टेबलावरून पडली. त्यांनी तड्यात मोजपट्टी घालून पाहिली, खिडकीतून खाली पाइपाकडे पाहिलं आणि त्या मालकांकडे वळल्या. "पाइपाचं पाणी मुरून इमारतीचा हा कोपरा खचतोय. तुमचा पाइप! तो आजच्या आज बदलायचा, आणि इथे टेकू लावायचे." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "आणि तुम्ही! मला चकवून काय मिळवणार होतात? भिंतीला चकवता येतं का? खोली आत्ता रिकामी करा. दुरुस्ती होईल की पाडावी लागेल, ते मी पाया उघडून बघितल्यावर ठरेल. यांच्या इच्छेने नाही, तुमच्याही नाही."

लोक उठून गेले. काकूंकडे कोणी बघेना. त्यांनी मला परत बटणांच्या डब्यात घातलं, डबा मशीनवर ठेवला आणि एकटीनेच मशीन ओढायला सुरुवात केली. मास्तर दारापर्यंत गेले, मग परत येऊन त्यांनी दुसरी बाजू उचलली. जिन्याच्या वळणावर दोघंही थांबले.

"इमारत गेली तर?" मास्तरांनी विचारलं.

"गेली तर मी रडेन," काकू म्हणाल्या. "पण रडायला असेन ना मी!"

मास्तरांनी मशीनची जड बाजू आपल्याकडे घेतली. खाली चष्मेवाल्याने दुकानात जागा करून दिली. "मी तुमच्याशी बोलणार नाहीये, काकू," असं म्हणत त्याने त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं.

तेव्हापासून मी इथे, चष्मेवाल्याच्या या दुकानात आहे. वर टेकू लागलेत आणि मागे नवा पाइप बसलाय. पायाशी खणणं चाललंय, आणि चौकात भांडणही जोरात चाललंय. पाडा, नका पाडू. काय होईल ते मला ठाऊक नाही, मित्रांनो, आणि खोटा दिलासा मी देणार नाही. तो देणाऱ्यांचाच तर मला राग आलाय!

एवढंच सांगते. जुन्या वस्तूंवर माया करा, जरूर करा. पण 'हिला काही झालेलं नाही' असं म्हणणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. काळजी घ्यायची तर तडा उघड्या डोळ्यांनी बघावा लागतो, आणि कोणी 'टिक्' असा आवाज केला तर त्याला डब्यात कोंबायचं नसतं. जुनं राखायचं की नवं बांधायचं, यावर खुशाल भांडा. फक्त तोंड उघडण्याआधी एकदा बघून घ्या, त्या भिंतीला पाठ लावून कोण बसलंय. आधी तिला उठवा. मग भांडा.