स्लॅबच्या पोटातला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. तुम्हाला ताप आला की काखेत ठेवतात तो काचेचा नव्हे. मी धातूचा, बोटाच्या पेराएवढा, मागे लांब तार असलेला. मित्रांनो, निफाडजवळच्या एका शाळेच्या सभागृहाच्या छतात मी कित्येक वर्षे गाडलेला आहे. मला कूस बदलता येत नाही आणि हाकही मारता येत नाही.

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मला भाग्यश्रीने नेले. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती संशोधन करत होती. तिचा प्रश्न साधा होता. छताचा स्लॅब ओतल्यावर खालचे टेकू कधी काढावेत? ठेकेदार नुसते दिवस मोजत. भाग्यश्री म्हणे, काँक्रीटला कॅलेंडर कळत नाही. ऊब मिळाली तर ते लवकर घट्ट होते, गारठ्यात उशीर लावते. म्हणून दिवसांबरोबर त्याच्या पोटातली ऊबही मोजायला हवी. त्यासाठी मी होतो.

१९९७ च्या डिसेंबरात तिने मला स्वतःच्या हाताने सळईला बांधले. मग घमेल्यामागून घमेले येत राहिले आणि माझा उजेड गेला. पहिला दिवस बरा गेला, कारण ताजे काँक्रीट आपोआप तापते. नंतर ते माझ्याभोवती आवळत गेले. ही पकड आता सुटणार नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. माझी तार तेवढी बाहेर होती. ती भिंतीवरच्या एका छोट्या यंत्राला जोडली होती. तेच माझे तोंड.

भाग्यश्रीला परीक्षेसाठी नाशिकला थांबावे लागले. जाताना तिने झुंबरबाईंच्या हाती वही दिली. झुंबरबाई स्लॅबवर पाणी मारायच्या. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण आकडे पक्के.

"मावशी, सकाळ-दुपार आकडा लिहायचा. विसाच्या आसपास राहिला तर सातव्या दिवशी टेकू काढायला हरकत नाही. फार खाली गेला तर मला फोन करा."

आणि थंडी पडली. आसपासच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या. माझा आकडा चौदा झाला, अकरा झाला, नऊवर आला. माझ्याभोवतीचे काँक्रीट अजून कच्चे होते. झुंबरबाईंनी भाग्यश्रीच्या वसतिगृहात फोन केला. ती भेटली नाही, म्हणून त्यांनी निरोप ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी खालून हातोड्याचे घाव ऐकू आले. ठेकेदाराला तेच टेकू दिंडोरीच्या कामावर हवे होते. सेंट्रिंगचा मिस्त्री बारकू याने पहिला टेकू पाडला, आणि माझ्या अंगातून बारीकशी कळ गेली. छत किंचित वाकले होते. मी काय करणार? माझ्याकडे फक्त आकडा होता.

"बारकूभाऊ, थांबा!" झुंबरबाई वही घेऊन धावत आल्या. "यंत्र आज नऊ दावतंय. स्लॅब अजून पिकला नाय."

"तू काय इंजिनेर हाय का?"

"नाय. पण खाली तुमीच उभे हाय ना?"

घाव थांबले. बारकूने वर पाहिले असावे. मग त्याने पाडलेला टेकू उचलून पुन्हा जागच्या जागी ठोकला.

ठेकेदार ओरडला, "गाडी दारात उभी हाय! एका बाईच्या वहीवर काम थांबवतो का?"

"मग घ्या," बारकू म्हणाला. "हा हातोडा. तुमीच काढा."

हातोडा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. घाव मात्र पुन्हा ऐकू आले नाहीत.

निरोप मिळताच भाग्यश्री दुपारच्या एसटीने आली. त्याच काँक्रीटचे ठोकळे तिने स्लॅबशेजारी थंडीतच ठेवले होते. तिने ते प्रयोगशाळेत नेऊन दाबून पाहिले. हव्या त्या वजनाच्या निम्म्याच्या आतच ते फुटले. टेकू आणखी बारा दिवस राहिले.

सभागृहाच्या उद्‌घाटनाला टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांची नावे घेतली गेली. झुंबरबाईंच्या नावाची मी शेवटपर्यंत वाट पाहत राहिलो. ते आलेच नाही. त्या तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी स्लॅबवर पाणी मारत असतील.

भाग्यश्री वर्षभर येऊन आकडे घेत होती. प्रबंध पुरा झाला, तिने भिंतीवरचे यंत्र काढून नेले आणि ती यायची थांबली. पुढे २००४ साली रंगकाम निघाले. गोरक्ष नावाच्या रंगाऱ्याने लोंबणारी तार पाहून विचारले, "ही कशाची?" कोणालाच सांगता आले नाही. त्याने ती कापली आणि भोक पुट्टीने बुजवले. त्याचा काय दोष? पण त्या दिवशी माझे तोंड कायमचे बंद झाले.

२००८ मध्ये भाग्यश्री एकदा आली, विद्यार्थ्यांना घेऊन. आता ती प्राध्यापिका होती. तिने त्यांना झुंबरबाईंची, वहीची, नऊच्या आकड्याची हकिकत सांगितली. "तो तापमापक अजून इथेच आहे," ती म्हणाली. पोरे माझ्यापासून चार हात दूर जमली आणि तिथेच वर बघत उभी राहिली. मी कसा सांगणार, की मी इकडे आहे?

मित्रांनो, मला बाहेर काढू नका. त्यासाठी छत फोडावे लागेल, आणि ते छत चांगले आहे. पण मोजायला यंत्र बसवलेत, तर ते काय म्हणते तेही ऐका. आणि वही हातात घेऊन कोणी धावत आले, तर शिक्षण किती झाले हे नंतर विचारा, आधी हातोडा थांबवा.

आत्ता इथे एकतीस अंश आहे. कोणी लिहून घेईल का?