कबुतरबंदीच्या शिपायाकडचं श्राद्ध

कबुतरांना दाणे घालायला बंदी आली, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला पालिकेने महिपतीला नेमलं. उल्हासनगरात, कॅम्प चारच्या चौकात पाटी लागली आणि पाटीखाली महिपती उभा राहिला. खाकी शर्ट, शिट्टी, काठी. होळीपासून त्याने ती काठी इतक्या इमानाने फिरवली, की चौकात पाखरू म्हणून खाली उतरेना. कबूतर कुठलं, कावळा कुठला, असा भेद त्याने केला नाही. सरकारी काठीला तेवढं बारीक दिसत नाही.

मग पितृपक्ष लागला आणि आण्णांची तिथी आली.

आण्णा म्हणजे महिपतीचे वडील. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी ते याच चौकात कबुतरांना ज्वारी टाकायचे. बंदी यायच्या आधीच ते गेले. महिपतीला वाटे, सुटले.

घर चौकाच्या मागेच, जुन्या बराकीत. महिपतीने रजा टाकली. भात, खीर, वडे, अळूची भाजी असं पान वाढून बाहेरच्या भिंतीवर ठेवलं आणि हाक मारली, "काव काव."

तारेवर बसलेल्या कावळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते शहाडच्या दिशेने निघून गेले.

"आधी तो खाकी शर्ट काढ," दारात बसलेली इंदुबाई म्हणाली. महिपतीची आई. कावळ्याने घास घेतल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे, आणि मधुमेहाच्या गोळीला तर पोटात अन्न लागायचं.

"रजेवर आहे ना मी."

"तू आहेस. शर्ट नाही."

घरात दुसरा धड शर्ट कुठे होता? महिपती बनियनवर उभा राहिला. दुपार कलली. खिरीवर माश्या बसल्या.

शेजारचे विष्णुपंत पंचांग बघणारे. ते हात मागे बांधून आले. "काहीतरी इच्छा राहिली असणार. कबूल कर, म्हणजे शिवेल."

"आईला सांभाळीन," महिपती पानाला म्हणाला. कावळा नाही. "अंजनाशी भांडणार नाही." आतून अंजनाचं हसणं ऐकू आलं. कावळा नाही.

"दर्भाचा कावळा करून टाकू का?" विष्णुपंत म्हणाले. "शास्त्रात आहे."

"गवताने खाल्लेलं यांच्या पोटात जाणार होय?" इंदुबाईचा आवाज बारीक झाला होता. हात थरथरत होते. "आई, गोळीपुरतं तरी खा," म्हणत महिपतीने लाडू पुढे केला. तिने तोंड फिरवलं. "यांची इच्छा काय होती ते तुला ठाऊक आहे. सगळ्या कॅम्पाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणून तर तो इतर सगळं कबूल करत होता. नोकरी तात्पुरती होती. दिवाळीला कायम करू, असं साहेब म्हणत होते. त्याने आईच्या हातांकडे पाहिलं आणि पानाजवळ वाकून, विष्णुपंतांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "उद्यापासून कोणी दाणे टाकले, तर मी पाठ फिरवीन, आण्णा."

भिंतीवर फडफड झाली. कबूतर होतं. ते पानात उतरलं आणि भातावर तुटून पडलं. कावळा तोंड ओळखतो; कबूतर फक्त कपडे.

"हे चालत नाही," विष्णुपंत म्हणाले.

महिपतीचा हात सवयीने काठीकडे गेला.

"राहू दे," इंदुबाई म्हणाली. "जन्मभर कबुतरांत रमले. कावळा कशाला होतील ते? वाढ गं अंजना." मग पहिला घास घेऊन तिने लेकाला विचारलं, "आता दंड करणार का बापाला?"

दुसऱ्या दिवशी चौकातले सिंधी दुकानदार ठाकुरदास शेठ ज्वारीची पिशवी घेऊन आले, बंदी आल्यापासून रोज यायचे तसे, नुसते पिशवीला कुरवाळत उभे राहायला. महिपतीने पाठ फिरवली. शेठने शिट्टीची वाट पाहिली.

"क्यों साईं, आज सीटी नहीं?"

"दमलीय ती."

शेठने ज्वारी टाकली. कबुतरं तारेवरून हलली नाहीत. खाकी पाठ असली तरी खाकीच. महिपतीने उसासा टाकला. वचन नुसत्या पाठीवर भागणारं नव्हतं. तो चहाच्या टपरीमागे गेला, एका खोक्यावर बसला आणि साहेबांना काय सांगायचं याचा विचार करू लागला. चहाचा एक कटिंग संपला. चौकातून फडफड ऐकू आली, तेव्हा त्याने आणखी एक कटिंग सांगितला.