सासूबाईंच्या नावाचा तुडतुडा

“आई, पिंजऱ्यात तुम्ही कशा काय?”

सासूबाईंनी शिवणयंत्रावरून मानही वर केली नाही. “मी इथं आहे. आधी डोळ्यांवर पाणी मारून ये.”

“तुम्ही म्हणजे तुमचा तो हो. करडा!”

खिडकीत कुंडी होती आणि कुंडीत तुतीचं रोप. रोपाला जाळीची लांब पिशवी घालून खालून नाडी आवळलेली. घरात त्यालाच पिंजरा म्हणत. त्या पिशवीत पानाच्या देठाला चिकटून एक करडा तुडतुडा बसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, कपाळावर दोन काळे ठिपके. शेजारी आणखी एक, खालच्या पानावर आणखी दोन. हिरवा एकही नाही. आणि सुनेने तर त्या रोपावर हिरव्यांची जोडी सोडली होती! हिरव्यांनी अंडी घातली, पिल्लं निघाली, पिल्लांनी कात टाकली, आणि बाहेर आले ते हे.

हिरव्याच्या पोटी करडा येणं शक्यच नव्हतं. हे दोन निराळे किडे आहेत असं छातीठोकपणे जगाला सांगितलं होतं ते तिनेच.

ती कामाला होती संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत. पुढच्या इमारतीत हाडांचे सांगाडे आणि शाळांच्या सहली. मागे नुसती कपाटं, कपाटांत खण आणि खणांत टाचण्यांवर टोचलेले किडे. तिथे कुणाला कुणाचं नाव फारसं आठवत नसे. एक भुंगेवाले होते, एक माश्यावाल्या मॅडम होत्या, आणि ही तुडतुडेबाई. तुडतुडे म्हणजे झाडाचा रस पिणारे ते चिमुकले जीव, हात लावायला जावं तर टुणकन उडी मारणारे. पाहुणे विचारत, “यांना मारायचं औषध कोणतं हो?” ती म्हणे, “मारायचं दुसरीकडे विचारा. इथं आम्ही फक्त ओळख करून घेतो.” ओळख म्हणजे कुठला कुठे राहतो, कुठल्या झाडावर बसतो, मागच्या पायावरचे काटे कसे आहेत, आणि शेवटी नराच्या पोटातला तो बारीकसा आकडा कसा वळतो. आकडा निराळा तर किडा निराळा. त्या आकड्यावर तिचा जीव होता.

घरी नवरा असून नसल्यासारखा. जहाजावरचा इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. मुलगी आता शिकायला परगावी होती, पण ती लहान असताना ही बाई जाळं खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडायची, आणि घर, दूध, ताप, शाळा हे सगळं सासूबाईंच्या गळ्यात. विकतची जाळी काट्यांत टराटरा फाटत म्हणून सासूबाईंनी स्वतः शिवून द्यायला सुरुवात केली, दुहेरी शिलाईची. एकदाही “हे नसते उद्योग कशाला?” म्हणाल्या नाहीत. फक्त पहिल्यांदा तिला तोंडाने नळीतून किडे ओढताना पाहिलं तेव्हा, “अगं अगं, पितेस की काय त्यांना!” म्हणून किंचाळल्या होत्या.

या सगळ्याबद्दल त्यांना दोन गोड शब्द बोलावेत असं तिला फार वाटे. पण बोलायची वेळ आली की जीभ जड व्हायची. मग जेव्हा तिला डोंगरावरच्या तळ्याकाठच्या बागेत तुतीवर करडा तुडतुडा सापडला आणि त्याचा आकडा हिरव्यापेक्षा निराळा निघाला, तेव्हा तिने त्याला सासूबाईंचं नाव दिलं. मागे लॅटिनचं शेपूट लावून.

सासूबाई आधी भडकल्या. “किड्याला माझं नाव? एवढं काय वैर आहे तुझं माझ्याशी?” पण हे नाव सगळ्या जगात चालणार, असं कळल्यावर त्यांचा नूरच पालटला. दूधवाल्याला सांगून झालं, शेजारपाजार झाला. दातांच्या डॉक्टरला तर तोंडात यंत्र असताना सांगितलं. घरातही मग करड्याला कुणी करडा म्हणेना. तो झाला ‘आई’.

आणि आता त्या ‘आई’ हिरव्याच्या पोटी जन्मल्या होत्या.

“जाळी कुठे उसवलीय का? बाहेरून शिरले असतील,” ती म्हणाली.

“माझी शिलाई उसवेल?” सासूबाई आता मात्र उठल्या. “जिभेला काही हाड आहे की नाही!”

तिने नाडी पाहिली, शिवण पाहिली. सुई शिरेल एवढीही फट नव्हती. मग तिचं लक्ष खिडकीच्या कडीला अडकवलेल्या जाड काळ्या कापडाकडे गेलं.

“हे काय?”

“त्यांचं पांघरूण. दुपारचा चहा झाला की घालते मी. उन्हाळ्यात उजेड हटतच नाही मेला, त्यांनी झोपायचं कधी? सकाळी माझं सगळं आवरलं की काढते.”

तिने ते कापड डोळ्यांसमोर धरलं; उजेडाचा कणही आरपार येत नव्हता. बाहेर उन्हाळा होता, लांबच लांब दिवस. पण पांघरुणाखालच्या पिल्लांना काय माहीत? त्यांच्या लेखी दिवस लवकर मावळत होता, म्हणजे थंडी आली होती. आणि थंडी आली म्हणून ती थंडीच्या कपड्यांत मोठी झाली होती, करड्या. तळ्याकाठची बाग तिच्या डोळ्यांपुढे आली. तिथे ती कधी जायची? मुलीच्या हिवाळी सुट्टीत. दरवेळी. तिथे करडेच मिळायचे, आणि इथे खाली उन्हाळ्यात हिरवेच. नकाशावर करड्याचा प्रदेश म्हणून तिने जो ठिपका काढला होता, ते तिच्या मुलीच्या सुट्टीचं ठिकाण होतं.

त्या दिवशी तिने आपली लहान सुरी आणि भिंग काढून करड्या नराचा आकडा पाहिला. हुबेहूब ‘आई’चा. बाप हिरवा, आकडा हिरव्याचा; मुलगा करडा, आकडा करड्याचा. ऋतू बदलला की आकडासुद्धा बदलत होता. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्यानेच दगा दिला होता.

भुंगेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. “बाई, तुमचे तुडतुडे ओळखणारी माणसं एका लिफ्टमध्ये मावतील. कुणाला पत्ता लागणार आहे? मूग गिळून बसा. सासूबाईंचं वय झालं, कशाला दुखवता? दुरुस्ती काय, पुढेमागे करता येईल.”

“म्हणजे त्या गेल्यावर?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हटलंत.”

“बरं, म्हटलं,” भुंगेवाले ओशाळले. “माझंच बघा ना. साहेबांचं नाव दिलं मी एका भुंग्याला, बढती मिळेल म्हणून. साहेब म्हणाले, फार जाडा दिसतो.”

ती हसली. तिने पुन्हा एकदा करून पाहायचं ठरवलं. दोन रोपं, दोन्हींवर त्याच हिरव्यांची पिल्लं. एकावर पांघरूण, एक उघडं. आपली ही शंका चुकीची ठरू दे, असं ती मनातल्या मनात घोकत होती. सासूबाईंना तिने ताकास तूर लागू दिली नाही. त्या बिचाऱ्या दुसऱ्या रोपालाही कापड शोधत होत्या. त्याला उकडतं, असं सांगून तिने वेळ मारून नेली. उघड्या रोपावर सगळे हिरवे निघाले. झाकलेल्यावर सगळे करडे.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी ती सासूबाईंच्या समोर बसली आणि एका दमात सांगून टाकलं.

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. “म्हणजे माझा किडा नाहीच?”

“किडा आहे, आई. पण तो हिरवाच आहे, थंडीतला. आणि हिरव्याचं नाव जुनं, म्हणून तेच चालणार.”

“आणि माझं?”

“पुसत नाहीत. त्या नावाच्या खाली राहतं, बारीक अक्षरांत.”

“मालकीण होते, भाडेकरू झाले.” त्या हसल्या नाहीत. “मी त्या मेल्यांना पांघरूण घातलं नसतं तर?”

“तर मला कळलं नसतं.”

“मग कशाला घातलं मी!” त्यांचा आवाज चिरकला. “तुला गंमत वाटत असेल. या घरात माझ्या नावाचं काय आहे सांग. दारावर आधी ह्यांची पाटी होती, आता मुलाची. शिलाई मशीनची पावतीसुद्धा ह्यांच्या नावावर होती. तो एक किडा होता माझा.”

त्या उठून आत गेल्या. तिला वाटलं मागे जावं, जवळ बसावं. पण पायही जिभेसारखेच जड झाले.

मग घरात अबोला. जेवणाचं ताट समोर येत होतं, पण शब्द येत नव्हता. ती संग्रहालयात सुट्टी टाकून घरीच लेख लिहीत बसली, कारण लिहून संपवल्याशिवाय सुटका नव्हती. सासूबाई तोंड फिरवून शिवत होत्या. दुपारचा चहा झाला, आणि त्या मशीनवरून उठल्या, खिडकीशी गेल्या, कापड झटकलं आणि पहिल्या रोपावर घातलं. चारही बाजूंनी नीट खोचलं. पुन्हा येऊन मशीनवर बसल्या, तिच्याकडे ढुंकूनही न बघता.

तिने आपल्या पडद्यावरच्या वाक्याकडे पाहिलं. ‘रोप रोज दुपारी जाड कापडाने झाकण्यात आले.’ असंच लिहायचं असतं. झाकण्यात आले, पाहण्यात आले, आढळून आले. सगळं आपोआप घडल्यासारखं. झाकण्यात आले म्हणे! कुणी झाकलं? तिची तिलाच शरम वाटली. तिने ते वाक्य खोडलं आणि लेखाच्या माथ्यावर, आपल्या नावाआधी, जागा केली.

“आई, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“कशाला? आणखी काय पुसायचं राहिलंय?”

“लेखावर घालायचंय. लिहिणाऱ्यांत, माझ्या आधी.”

मशीन थांबलं. “मला काय कळतं त्यातलं?”

“पिंजरा तुम्ही शिवलात. झाकलात तुम्ही. मी नुसती मागून येऊन ओरडले.” एवढं बोलून ती नेहमीसारखी थांबणार होती. पण थांबली नाही. “तुम्ही नसता तर माझं काहीच झालं नसतं, आई. हे मला कधी तोंडाने म्हणता आलं नाही, म्हणून मी किड्याला नाव देऊन मोकळी झाले. चुकलं माझं.”

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं.

“रडतेस काय,” त्या म्हणाल्या, स्वतःच रडत. “लिही. पण पाटीवरचं आडनाव नको.”

आणि त्यांनी नाव सांगितलं. पुढे माहेरचं आडनाव आलं, जे तिने लग्न होऊन या घरात आल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं तिने. तिची बोटं अडखळली.

“स्पेलिंग, आई?”

सासूबाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसल्या. एकेक अक्षर सांगू लागल्या, सावकाश, उमटलेलं पाहून मगच पुढचं.

“शेवटी एकच टी हं,” त्या म्हणाल्या. “शाळेत सगळे दोन लावायचे. मी भांडायचे त्यांच्याशी.”